यंत्रशाळेतील धुके : गाळणी निवडण्यापूर्वी

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, विषयाचे बंधन नाही, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा माझ्याकडून बालदमा किंवा लसीकरण यांवर काहीतरी येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. आजवर मी तेच लिहीत आलो आहे. या वेळी विषय थोडा आडवळणाचा आहे. आपल्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या भागांतल्या यंत्रशाळांमध्ये कूलंटचे जे धुके उठते, ते गाळण्यासाठी उपकरण कोणते घ्यावे, हा तो विषय. बालरोगतज्ज्ञाचा याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. तो संबंध मी शोधायला गेलो नव्हतो. तो माझ्या दवाखान्यात चालत आला.

२०२२ च्या पावसाळ्यात सहा वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याचे वडील आले होते. मुलाला वरचेवर घरघर होत असे. लहान मुलाची छाती तपासताना खोलीत शांतता लागते. त्या दिवशी ती मिळेना, कारण मुलापेक्षा वडीलच अधिक खोकत होते. मी स्टेथोस्कोप कानांतून काढून विचारले, "तुम्हाला हा खोकला कधीपासून?" ते ओशाळून म्हणाले, "काही नाही हो डॉक्टर, रोजचंच आहे ते. मशीनवर असतो. धुरानं होतंय. सुटीला घरी बसलो की कमी येतंय बघा."

सुटीला कमी येते! हे वाक्य आपण सर्वांनी एम.बी.बी.एस.ला असताना कम्युनिटी मेडिसिनच्या पुस्तकात वाचलेले आहे. परीक्षेत लिहिलेलेही आहे. त्यानंतर किती वेळा ते रुग्णाच्या तोंडून ऐकून घेतले, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला आणि उत्तर समाधानकारक आले नाही.

त्या दिवशी मी जे केले ते आज सांगताना संकोच वाटतो. कोविडच्या काळातले एन-९५ मास्क दवाखान्यात उरले होते. त्यांतले वीस मी त्या गृहस्थांच्या हाती ठेवले, कामावर रोज लावा म्हटले, आणि आपण एक सत्कर्म केले या समाधानात पुढचा रुग्ण आत बोलावला. महिन्याभराने ते मुलाच्या फेरतपासणीला आले तेव्हा म्हणाले, "मास्क लावतो डॉक्टर, पण संध्याकाळी छाती जड ती जडच." तेव्हा मी त्या मास्कवरचे अक्षर प्रथमच नीट वाचले. अमेरिकेच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे अशा मास्कचे एन, आर आणि पी असे तीन वर्ग आहेत. एन म्हणजे तेलाला न टिकणारा, आर म्हणजे काही काळ टिकणारा, पी म्हणजे तेलापुढे तग धरणारा. आपण कोविडमध्ये वापरलेल्या मास्कच्या तंतूंवर विद्युतभार असतो आणि सूक्ष्म कण बव्हंशी त्या भारामुळे पकडले जातात. तेलाचे थेंब त्या तंतूंवर बसले की भाराचा परिणाम मावळतो. मास्क दिसायला तसाच राहतो, पण त्याची पकड जाते. युरोपीय एफएफपी मानकाच्या चाचणीत पॅराफिन तेलाचे धुकेही वापरतात, म्हणून तिथली गोष्ट थोडी निराळी आहे. माझ्या डब्यातले मास्क एन वर्गाचे होते. साथीच्या दोन वर्षांत त्यांचा आपण एवढा जप केला, पण 'एन' कशासाठी आहे हे आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल, असा माझा अंदाज आहे.

ही चूक मनाला लागली म्हणून एका रविवारी दुपारी मी त्यांच्या यंत्रशाळेत जाण्याची परवानगी मालकांकडे मागितली. मालक सज्जन. त्यांच्या दोन्ही नातवंडांना मीच लसी दिलेल्या आहेत. पुरवठ्याची तारीख जवळ असल्याने त्या दिवशी पाळी चालू होती. आत सात यंत्रे होती : तीन सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी, एक जुना कॅप्स्टन आणि एक ग्राइंडिंग मशीन. खिडकीतून तिरपे ऊन येत होते आणि त्या उन्हात हवा दुधाळ दिसत होती. पायाखालची फरशी निसरडी होती. ट्यूबलाइटच्या पट्टीला बोट लावले तर चिकट थर हाती आला. कोपऱ्यातल्या टेबलावर घरगुती एअर प्युरिफायर दोन होते. "डॉक्टरसाहेब, लोकांसाठी मुद्दाम आणले. महिनाभर बरे चालले, मग बंदच पडल्यासारखे झाले," मालक म्हणाले. मास्कची गोष्ट ताजी असल्याने मला त्याचे कारण ओळखता आले. मात्र मालकांना हसण्याचा अधिकार मला उरला नव्हता. आम्ही दोघांनीही चांगल्या हेतूने चुकीची वस्तू विकत घेतली होती.

तिथे उभा असताना मला आपल्या रोजच्या नेब्युलायझरची आठवण झाली. नेब्युलायझरकडून आपण काय मागतो? औषधाचे थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचे व्हावेत, म्हणजे ते घशात न अडकता खालच्या श्वासनलिकांपर्यंत पोहोचतील. व्हीएमसीत दाबाखाली सुटलेला कूलंट मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या हत्यारावर आदळतो तेव्हा त्याचेही तसेच बारीक थेंब होतात. वेग आणि दाब जितका जास्त, तितका थेंब लहान. शिवाय तापलेल्या धातूवर तेलाची वाफ होऊन ती पुन्हा थिजली की त्याचे कण एक मायक्रॉनहूनही लहान असतात. त्यालाच कामगार धूर म्हणतात. आपण मुलाला नेब्युलायझर दहा मिनिटे देतो. ऑपरेटर आठ तास, आणि ओव्हरटाइम असेल तर बारा तास, त्या हवेत उभा असतो.

थेंबात असते काय, हे सर्वांत महत्त्वाचे. कूलंट म्हटले की आपल्याला एकच पदार्थ वाटतो, पण त्याचे ढोबळ चार प्रकार आहेत. नुसते तेल, पाण्यात मिसळणारे तेल, अर्धसंश्लेषित आणि पूर्ण संश्लेषित. शेवटच्या तिन्हींत पाणीच जास्त. पाणी आले की जंतू आले. यंत्राच्या सरकपट्ट्यांचे तेल गळून टाकीत उतरते, वर तवंग धरते, खाली हवा पोहोचत नाही, आणि सुटीनंतर पहिल्या सकाळी यंत्र चालू केले की कुजक्या अंड्याचा दर्प येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. म्हणजे फवारा केवळ तेलाचा नसतो. त्यात जंतू, त्यांच्या पेशीभित्तिकांतील एंडोटॉक्सिन, जंतुनाशके, गंजरोधक रसायने आणि झिजलेल्या धातूचे अंशही असतात.

याने होणारे आजार आपल्याला ठाऊक आहेत, केवळ या नावाशी आपण ते जोडत नाही. त्वचादाह सर्वांत नेहमीचा. खनिज तेल आणि कर्करोग यांचे नाते जुने आहे. पर्सिव्हल पॉटने १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशाच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले, आणि पुढे इंग्लंडच्या सूतगिरण्यांत तेलाने भिजणाऱ्या कामगारांतही तोच कर्करोग आढळला. आजची शुद्ध केलेली तेले त्या मानाने पुष्कळ सौम्य आहेत. आज धास्ती आहे ती फुप्फुसांची : व्यवसायजन्य दमा, आणि हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस. दुसऱ्या आजारात कामावरून घरी आल्यावर चार ते आठ तासांनी थंडी, ताप, अंगदुखी आणि धाप येते, सकाळी उतरते. आपल्याकडे हा रुग्ण व्हायरल म्हणून एकदा, टायफॉइड म्हणून एकदा आणि एक्स-रेवर सावली दिसली की क्षयाच्या गोळ्यांवर, असा प्रवास करू शकतो. दूषित कूलंटमध्ये वाढणारा मायकोबॅक्टेरियम इम्युनोजेनम हा जंतू त्या क्षयाच्याच घराण्यातला निघावा, हा योगायोग चमत्कारिक आहे.

ब्रिटनमधील बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज भागातील मोटार-इंजिनांच्या कारखान्यात २००३-०४ मध्ये जे घडले ते प्रत्येक यंत्रशाळा-मालकाने आणि त्याच्या डॉक्टरने वाचावे असे आहे. तिथल्या ८३६ कामगारांपैकी ८७ जणांना फुप्फुसाचा व्यवसायजन्य आजार जडल्याचे निदान झाले. त्यांत ७४ जणांना दमा होता आणि १९ जणांना अल्व्हिओलायटिस. काहींना एकाहून अधिक निदाने होती. हा देश कायद्यांचा आणि तपासनिसांचा. पाण्यात मिसळलेल्या द्रवाच्या धुक्यासाठी तिथे घनमीटरला १ मिलिग्रॅम हे मार्गदर्शक मूल्य होते. पुढे ते मागे घेण्यात आले. हवेत वजनाने किती द्रव आहे एवढ्यावरून तो किती बाधेल हे ठरत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. अमेरिकेतही हाच गोंधळ आहे. तिथली कायद्याची मर्यादा खनिज तेलाच्या धुक्यासाठी ५ मिलिग्रॅम आहे, तर नायोश या तिथल्याच संशोधन संस्थेने १९९८ मध्ये धातूकामाच्या द्रवांसाठी ०.५ मिलिग्रॅम, आणि छातीत उतरू शकणाऱ्या कणांपुरते ०.४ मिलिग्रॅम सुचवले. दोन आकड्यांत दहा पटींचे अंतर आहे. विक्रेता यांतला कोणता आकडा आपल्यापुढे ठेवतो, ते पाहावे.

आता मूळ प्रश्न. मालकांनी तीन विक्रेत्यांची माहितीपत्रके माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा, कुठले घेऊ?" औषध कंपन्यांची रंगीत पत्रके वाचण्याची आपल्याला सवय आहे. ती इथे उपयोगी पडली. तिन्ही पत्रकांवर कार्यक्षमता ९९ टक्के असे ठळक छापले होते. कोणत्या आकाराच्या कणांवर, हे एकावरही नव्हते. साधे गणित करू. दहा मायक्रॉनच्या एका थेंबाचे वजन एक मायक्रॉनच्या हजार थेंबांइतके असते. तेव्हा वजनाने मोजले तर मोठे थेंब पकडूनच ९९ टक्के गाठता येतात, आणि फुप्फुसात उतरणारे हजारो बारीक थेंब सुखरूप बाहेर पडतात. म्हणून ०.३ मायक्रॉनच्या आसपास तुमचे उपकरण किती पकडते, हे लेखी मागावे. याहून मोठे कण आपल्या जडत्वाने तंतूंवर आदळतात, याहून लहान कण भरकटत जाऊन तंतूंना चिकटतात. मधला हा आकारच सर्वांत निसटता. हेपा गाळणीची व्याख्या ०.३ मायक्रॉनला ९९.९७ टक्के अशी करतात, ती याच कारणाने.

पहिले पत्रक चक्राकार फिरणाऱ्या यंत्राचे होते. ढोल गरगर फिरतो, थेंब भिंतीवर आपटून एकत्र होतात आणि खाली निथळतात. हे आटोपशीर असते, यंत्राच्या डोक्यावर बसते, आणि पाणीमिश्रित कूलंटच्या जाड थेंबांसाठी चांगले. धुरापुढे मात्र ते हतबल आहे. त्याच्यापुढे शेवटची बारीक गाळणी जोडली नसेल तर मी ते अपुरे समजतो.

दुसरे स्थिरविद्युत पद्धतीचे. कणांना विद्युतभार देऊन विरुद्ध भाराच्या पट्ट्यांवर ओढायचे. याची भुरळ मोठी, कारण गाळणी बदलण्याचा खर्च नाही आणि तेलाचा धूरही पकडला जातो. मालकांचा कल याच्याकडेच होता. मी विरोध केला. पट्ट्या स्वच्छ असेपर्यंतच हे यंत्र पत्रकाप्रमाणे वागते. त्यांवर थर बसला की कार्यक्षमता घसरते आणि ती घसरल्याचे कुणाला कळत नाही, कारण पंख्याचा आवाज तोच राहतो. पाणीमिश्रित कूलंटच्या ओल्या, चिकट गाळाने ठिणग्या उडतात. नुसते तेल वापरणाऱ्या जागी ठिणगी म्हणजे आगीची भीती. थोडा ओझोनही तयार होतो, आणि दम्याच्या रुग्णाला ओझोन देणे मला तरी परवडणारे नाही. जिथे तेलाचा कोरडा धूर आहे आणि पट्ट्या नियमाने धुणारा माणूस नेमलेला आहे, तिथे हे यंत्र घ्यावे. ज्या शॉपमध्ये ट्यूबलाइट पुसायला कुणाला सवड नाही, तिथे पट्ट्या कोण धुणार?

तिसरे टप्प्याटप्प्याच्या गाळण्यांचे. आधी जाळी, मग तंतूंचे जाड थर, ज्यांत बारीक थेंब एकमेकांत मिळून मोठे होतात आणि निथळतात, आणि शेवटी हेपा. हे जागा जास्त खाते, वीज जास्त घेते आणि गाळण्या वेळोवेळी बदलाव्या लागतात. तरीही आपल्याकडच्या मिश्र कामाच्या, पाणीमिश्रित कूलंट वापरणाऱ्या लहान यंत्रशाळांसाठी माझे मत याच्या बाजूने आहे. एक तर यात विद्युतभारावर भिस्त नाही. दुसरे म्हणजे गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारे मीटर त्यावर बसवता येते. गाळणी तुंबू लागली की काटा चढतो आणि तो पाळीवरच्या कुणालाही वाचता येतो. रक्तदाबाचे यंत्र नसलेल्या दवाखान्यात आपण उच्च रक्तदाबावर उपचार करणार नाही, मग काट्याविना गाळणी का घ्यावी? खरेदीच्या वेळीच दोन वर्षांच्या बदली गाळण्यांचा भाव लिहून घ्यावा. यंत्र स्वस्त आणि गाळण्या महाग, हा व्यवहार आपण ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्यांत पाहिलेलाच आहे.

एक गोष्ट कोणतीही गाळणी करीत नाही. ती वाफ अडवीत नाही. काही जंतुनाशकांतून फॉर्माल्डिहाइड सुटते, ते हेपामधून सरळ निघून जाते. हेपा लावला आणि डोळे चुरचुरायचे थांबले नाहीत, तर दोष गाळणीचा नसून टाकीचा असतो.

हवा किती ओढायची, हाही प्रश्न विक्रेत्यावर सोडू नये. उदाहरणादाखल, यंत्राची बंद पेटी दोन मीटर लांब, रुंद आणि उंच असेल तर आतली जागा आठ घनमीटर. तासाला ८०० घनमीटर हवा ओढणारे उपकरण ती ३६ सेकंदांत एकदा बदलते. पण हवा मिसळत असल्याने एका फेऱ्यानंतरही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त धुके आत उरते, आणि तीन फेऱ्यांनी, म्हणजे पावणेदोन मिनिटांच्या सुमारास, ते पाच टक्क्यांवर येते. मी घड्याळ लावून पाहिले. स्पिंडल थांबताच ऑपरेटर दोन सेकंदांत दार उघडून डोके आत घालीत होता, आणि एअर गनने जॉबवरचा कूलंट उडवीत होता. त्याला दोष कसा देणार? त्याचा पगार नगांवर ठरलेला. दर नगामागे दीड मिनिट थांब म्हणणे म्हणजे दिवसाच्या कमाईत काटछाट कर म्हणणे. म्हणून दार उघडण्याचा विलंब यंत्राच्या कुलपातच बसवावा आणि तो वेळ नगाच्या दरात धरावा, असे मी मालकांना सुचवले. ते बराच वेळ गप्प राहिले. माझ्या सर्व सूचनांत हीच सर्वांत महाग होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजले.

गाळलेली हवा सोडायची कुठे? परदेशी माहितीपत्रकांत ती शॉपमध्येच परत सोडण्याचा मोठा गौरव असतो. तो थंड देशांचा हिशेब आहे. तापवलेली हवा बाहेर टाकणे त्यांना परवडत नाही. आपल्या बेळगावात शॉपच्या खिडक्या बारा महिने उघड्या असतात. विमानांचे सुटे भाग बनवणारी, तापमान काटेकोर राखणारी वातानुकूलित शॉप्स सोडली, तर हवा परत आत घेण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र बाहेर सोडणे म्हणजे भिंतीत भोक पाडून पंखा बसवणे नव्हे. त्या शॉपच्या मागच्या भिंतीतला पंखा ज्या बोळात उघडत होता, त्याच बोळात पलीकडे एक बालवाडी भरते. तिथल्या कुंपणावरही तोच चिकट थर माझ्या बोटाला लागला. बालरोगतज्ज्ञ म्हणून माझा अधिकार इथे तरी कुणी नाकारू नये. हवा आधी गाळावी आणि मग छपराच्या वर, शेजाऱ्यांच्या खिडक्यांपासून दूर सोडावी.

आणि हे सगळे करण्याआधी टाकीकडे पाहावे. तवंग रोज काढणे, कूलंटचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने मोजणे, पीएच ८.५ ते ९.५ च्या दरम्यान आहे ना हे पट्टीने पाहणे, गरजेपुरताच दाब ठेवणे, एअर गन शक्य तिथे बंद करणे. ही कामे हेपापेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. काही उपकरणांत गाळलेला द्रव आपोआप टाकीत परत जातो, त्याची जाहिरात बचत म्हणून करतात. टाकी स्वच्छ असेल तर ठीक. नासलेल्या टाकीला तिचीच घाण परत पाजणे मला मान्य नाही. या सूचना मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही भाषांत यंत्राजवळ लावाव्यात, कारण आज एका पाळीत तिन्ही भाषा बोलणारे हात काम करतात. लावलेला इंग्रजी तक्ता तिथे कुणीच वाचीत नव्हते.

कायद्याबद्दल थोडक्यात. १९४८ च्या कारखाने कायद्यात धूळ व धूर उगमाजवळच ओढून घेण्याचे बंधन होते, आणि खनिज तेलाने होणारा त्वचादाह हा डॉक्टरांनी कळवण्याच्या आजारांच्या यादीत होता. आपल्यापैकी किती जणांनी असे एकतरी पत्र पाठवले? २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. कळवण्याचे आपले कर्तव्य तिच्यातही आहे. पण वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार असले की कारखाना, ही जुनी व्याख्या आता वीस कामगारांवर गेली आहे. मी पाहिलेल्या शॉपमध्ये चौदा माणसे आहेत. यंत्रे तीच, कूलंट तोच, पण व्याख्येतून ते शॉप बाहेर पडले. अशा ठिकाणी सरकारी तपासनीस येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. तिथे कुटुंबाचा डॉक्टर हाच काय तो तपासनीस.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, ते सांगतो. मी त्यांना माझ्या छातीविकारतज्ज्ञ मित्राकडे पाठवले. पीक फ्लो मीटर देऊन दिवसातून चार वेळा, कामाच्या आणि सुटीच्या दिवशीही, महिनाभर नोंदी ठेवायला सांगितल्या. आलेख कामाच्या दिवसांत उतरणारा आणि सुटीत चढणारा निघाला. निदान पक्के झाले. मालकांनी दोन्ही व्हीएमसींवर हेपासह टप्प्यांच्या गाळण्या बसवल्या, बोळातला पंखा काढला आणि त्यांना तयार मालाच्या तपासणी विभागात बदलून घेतले. पगार कमी केला नाही, हे मुद्दाम नोंदवतो. लेथवर अजून काही नाही. दाराचा विलंब एका यंत्रावर बसवला, दुसऱ्यावर कुणीतरी तो काढून टाकला. मुलाची घरघर मात्र पावसाळ्यात अजूनही येते. तिचा संबंध मी वडिलांच्या कामाशी जोडलेला नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. वडिलांनी कामाचे कपडे शॉपमध्येच बदलावेत एवढे मी सांगितले आहे.

येत्या वार्षिक सभेपुढे मी एक ठराव ठेवणार आहे. आपली संस्था दरवर्षी शिबिरात मोफत रक्तशर्करा तपासते. त्याच खर्चात दोन डझन पीक फ्लो मीटर आणि तिन्ही भाषांतले नोंदींचे तक्ते घ्यावेत, आणि जो सदस्य मागेल त्याला रुग्णासाठी महिनाभर वापरायला द्यावेत. केसपेपरवर व्यवसाय लिहिण्याची जी ओळ आपण रिकामी सोडतो, तिच्यापुढे 'सुटीत बरे वाटते का' एवढी एक चौकट छापून घेण्याचा खर्च मी स्वतः करीन. नमुना तयार आहे. सभेच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर ठेवीन.